राखेतला कोळसा

दोन बॉयलर आहेत असं समजा. दोघांच्याही राखेत १० टक्के कार्बन सापडला, म्हणजे १०० किलो राखेमागे १० किलो इंधन न जळताच बाहेर पडलं. प्रयोगशाळेच्या कागदावर दोघांचा आकडा एकच. पहिल्या बॉयलरमध्ये जातो आयात केलेला चांगल्या प्रतीचा कोळसा. त्यात राख १० टक्के आणि उष्मांक किलोमागे ६००० किलोकॅलरी. दुसऱ्यात जातो वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूरच्या आसपासच्या खाणींत निघतो तसा कोळसा. त्यात राख ४० टक्के, उष्मांक ३६००. आता हिशेब करू.

पहिल्या बॉयलरमध्ये १०० किलो कोळशामागे १० किलो निव्वळ राख आणि तिच्यासोबत १.१ किलो कार्बन बाहेर जातो. कार्बनचा उष्मांक किलोमागे साधारण ८०८० धरला, तर ६ लाख किलोकॅलरींपैकी ९ हजार वाया गेल्या. तोटा दीड टक्का. दुसऱ्या बॉयलरमध्ये राखच ४० किलो. तिच्यासोबत ४.४ किलो कार्बन जातो आणि ३ लाख ६० हजार किलोकॅलरींपैकी जवळजवळ ३६ हजार उडतात. तोटा १० टक्के. आकडा तोच, नुकसान साडेसहा पटींहून जास्त.

चंद्रपूर-गडचिरोलीत फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर चालवणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब आपल्या कोळशासाठी एकदा तरी करून पाहावा. परदेशी पुस्तकांत राखेतला कार्बन हा छोटा तोटा म्हणून येतो आणि चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेवर सगळा भर असतो. तिथल्या कोळशासाठी ते बरोबर आहे. आपल्याकडे मात्र हा तोटा चिमणीच्या तोट्याच्या पंक्तीला जाऊन बसू शकतो.

इथल्या कोळशात इतकी राख का, याचं उत्तर २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांत आहे. गोंडवन काळातल्या दलदलीत साचलेल्या वनस्पतींबरोबर चिखल आणि बारीक वाळूही वाहत आली आणि त्यातून तयार झालेल्या बराकर थरांत कोळसा व माती एकमेकांत मुरून गेली. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, दुर्गापूर, पद्मापूर इथं निघणाऱ्या कोळशातली बरीचशी राख अशी कणाकणात मिसळलेली असते. वरवर चिकटलेली माती धुऊन निघते, ही निघत नाही. या कोळशाची जमेची बाजूही आहे. गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि ज्वलनशील वायू पुरेसे असल्यानं तो लवकर पेट घेतो.

इथला सगळ्यात मोठा कोळसा जाळणारा म्हणजे महानिर्मितीचं चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र. पहिला संच १९८३ मधला आणि आजची क्षमता २९२० मेगावॅट. तिथं कोळसा मैद्यासारखा दळतात आणि १३०० ते १४०० अंशांच्या ज्वाळेत फवारतात. इतका बारीक कण इतक्या तापमानात क्षणात जळून जातो, म्हणून त्या राखेत कार्बन फारसा उरत नाही. पण दळण्याच्या प्रचंड चक्क्या आणि तेवढी यंत्रणा लहान कारखान्याला परवडत नाही. शिवाय लहान कारखान्याला मिळेल ते इंधन जाळावं लागतं. आज खाणीतला कोळसा, उद्या धुलाईतून उरलेला दगडी माल, परवा धानाचं तूस. कागद, स्पंज आयर्न, राईस मिल आणि त्यांची स्वतःची छोटी वीजकेंद्रं अशा ठिकाणी फ्लुइडाइज्ड बेड उपयोगी पडतो. ७० टक्के राखेचा मालसुद्धा तो पचवतो. त्याच्या मोबदल्यात तो राखेत थोडं इंधन सोडतो. ते किती सोडू द्यायचं, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

या बेडची कल्पना जर्मनीतल्या फ्रित्झ विंकलर यांची, १९२२ सालची. ती कोळशापासून वायू करण्यासाठी होती. वाफेच्या बॉयलरसाठी तिचा नेटानं पाठपुरावा झाला तो १९६० च्या दशकापासून, मुख्यतः ब्रिटनमध्ये. रचना सांगायला सोपी आहे. खाली एक जाड पत्रा आणि त्यावर ओळीनं उभ्या केलेल्या नोझल. त्यांच्यावर एक-दोन मिलिमीटर जाडीच्या वाळूचा किंवा कुटलेल्या भट्टीविटेचा थर. खालून हवा सोडली की आधी ती कणांमधून नुसती निघून जाते. वेग वाढवला की एका टप्प्यावर हवेचा रेटा आणि कणांचं वजन सारखं होतं, सगळा थर सैल होतो आणि चुलीवर रटरटणाऱ्या वरणासारखा बुडबुडे सोडत ढवळत राहतो. हा थर ८५० अंशांपर्यंत तापवून त्यात कोळशाचे खडे सोडतात. कोणत्याही क्षणी बेडमध्ये कोळसा असतो जेमतेम शेकड्याला दोन-तीन भाग, बाकी सगळी तापलेली वाळू आणि राख. म्हणून कितीही निकृष्ट खडा आत पडला तरी त्याला चहूबाजूंनी उष्णता मिळते आणि तो पेटतोच.

पेटला तरी तो पूर्ण जळतोच असं नाही. पाच मिलिमीटरचा एक खडा आत आला असं धरा. पहिल्या काही सेकंदांत त्यातलं पाणी उडतं, मग वायू बाहेर पडून जळतात. मागे राहतो तो कार्बन आणि राख यांचा सच्छिद्र सांगाडा. हा सांगाडा जळायला मिनिटं लागतात, कारण ८५० अंशांना कार्बन सावकाश जळतो. शिवाय राखेचं प्रमाण जास्त असल्यानं बाहेरचा कार्बन जळाला तरी राखेचं कवच तसंच राहतं आणि प्राणवायूला त्यातून वाट काढत आत जावं लागतं. तरीही या खड्याची काळजी नसते. तो जड असल्यानं बेडमध्ये तासन्‌तास फिरू शकतो. म्हणूनच बेडमधून काढलेल्या राखेत, म्हणजे बेड ड्रेनमध्ये, कार्बन सहसा एक-दोन टक्क्यांच्या आतच असतो.

खरी गळती आहे ती बारीक कणांची. बुडबुडे सोडणाऱ्या साध्या बेडमध्ये वायूंचा वेग सेकंदाला एक ते तीन मीटर असतो. एवढ्या झोतात पाव मिलिमीटरपेक्षा लहान कण टिकत नाही, उडून वर जातो. भट्टीच्या मोकळ्या भागातून पार व्हायला त्याला मिळतात दोन ते चार सेकंद. तेवढ्यात तो जळला तर ठीक. नाही तर पुढे नळ्यांचा गठ्ठा येतो, वायू थंड होतात आणि कण काळाच्या काळा राखेच्या हॉपरमध्ये जाऊन पडतो.

हे बारीक कण येतात दोन वाटांनी. काही कोळशासोबतच आलेले असतात. काही आत तयार होतात, कारण तापलेला खडा तडकतो आणि वाळूशी घासून घासून त्याच्या कडांचा भुगा होतो. दुसरी वाट पूर्ण बंद करता येत नाही. पहिलीवर मात्र भरपूर काम करता येतं, आणि ते काम बॉयलरमध्ये नसून कोळशाच्या यार्डात आणि क्रशरवर असतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच आहे. राख काळी आली की सगळे कंट्रोल रूमकडे धावतात. क्रशरची जाळी शेवटची कधी बदलली, हे क्वचितच कुणी विचारतं.

बेडच्या खालून कोळसा सोडणाऱ्या बॉयलरला साधारण सहा ते आठ मिलिमीटरच्या आतला कोळसा लागतो आणि त्यात एक मिलिमीटरखालचा चुरा पाव हिश्श्याच्या आसपास राहिला तर बरं. प्रत्यक्षात काय होतं? खाणीतून आलेला सगळा माल सरसकट क्रशरमध्ये जातो. त्यात जो आधीच बारीक आहे तोही पुन्हा कुटला जातो आणि भुगा वाढतो. क्रशरच्या आधी एक चाळणी बसवून बारीक माल बाजूनं थेट पुढे नेला, तर क्रशरवरचा भार आणि चुरा दोन्ही कमी होतात. हातोडे झिजले की उलट अडचण होते. मोठे खडे सुटतात, चाळणीवरून परत क्रशरमध्ये येतात आणि फेऱ्या मारता मारता त्यांचाही भुगा होतो. यार्डात महिनोन्‌महिने उघडा पडलेला कोळसा ऊन-पावसानं आपोआप ठिसूळ होऊन फुटतो. आधी आलेला आधी जाळायचा ही शिस्त त्यासाठीच हवी. उन्हाळ्यात ढीग आतून तापून धुमसायला लागतो, तेही त्यानं टळतं.

आता मोजणी. राखेत कार्बन आहे हे डोळ्यांना दिसतं, पण कुठल्या राखेत आणि कुठल्या कणात, हे कळल्याशिवाय उपाय करणं म्हणजे अंधारात चाचपडणं. नमुने वेगवेगळ्या जागचे घ्यावे लागतात. बेड ड्रेनचा, इकॉनॉमायझरखालच्या हॉपरचा, एअर प्रीहीटरखालचा, आणि ईएसपीच्या, म्हणजे चिमणीआधी विजेच्या भारानं राख पकडणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक फील्डचा. नुसत्या ईएसपीच्या राखेवरून निष्कर्ष काढला तर तो चुकण्याची शक्यता मोठी, कारण जाडसर कार्बन बहुधा आधीच्या हॉपरमध्येच पडून गेलेला असतो. प्रत्येक जागी किती राख पडते तेही पाहावं लागतं आणि त्या प्रमाणात सरासरी काढावी लागते. प्रयोगशाळेत नमुना आधी वाळवायचा, मग वजन करून मफल भट्टीत ८१५ अंशांना जाळायचा आणि किती वजन घटलं ते पाहायचं. कारखान्यात याला एलओआय म्हणतात. पावसात भिजलेली राख न वाळवता भट्टीत घातली तर पाण्याचं वजनही कार्बनच्या खात्यात जमा होतं. गंधक शोषण्यासाठी बेडमध्ये चुनखडी टाकत असाल, तर चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइडही वजन घटवतो. आपल्या कमी गंधकाच्या कोळशाला चुनखडी बहुतेक लागत नाही, त्यामुळे हा दुसरा घोळ इथं कमी.

यापुढे एक पायरी आहे. ती फार थोडे लोक चढतात आणि तिचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. उडत्या राखेचा नमुना तीन-चार चाळण्यांतून चाळायचा आणि प्रत्येक जाडीच्या राखेतला कार्बन वेगळा मोजायचा. कार्बन जाडसर कणांत सापडला तर त्या कणांना वेळ किंवा तापमान कमी पडलं. ते परत बेडमध्ये पाठवता येतात. तो अगदी बारीक कणांत असेल तर दोष कोळशाच्या चुऱ्याचा. सोबत चिमणीकडे जाणाऱ्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड पाहायचा. राखेत कार्बन आणि वायूत मोनॉक्साइड दोन्ही जास्त असतील, तर हवा कमी आहे किंवा ती जिथं हवी तिथं पोचत नाही. कार्बन जास्त पण मोनॉक्साइड नगण्य, तर हवेला हात लावू नका, चाळणीकडे जा. चाळण्या आणि मफल भट्टी कोळसा तपासणाऱ्या साध्या प्रयोगशाळेतही असतात. दोन शिफ्टच्या कामात उत्तर मिळतं.

राख काळी येते म्हटल्यावर पहिली सूचना निघते ती ‘हवा वाढवा’. कधी कधी ती बरोबर असते. वायूतला प्राणवायू तीन टक्क्यांच्या खाली गेला असेल तर हवा वाढवायलाच हवी. पण चार-पाच टक्के प्राणवायू असतानाही हवा वाढवत गेलं तर उलटंच होतं. जास्तीची हवा बेड थंड करते, वायूंचा वेग वाढवते, आणि जो कण चार सेकंद भट्टीत राहिला असता तो तीन सेकंदांत बाहेर पडतो. शिवाय प्राणवायू कुठे मोजला हेही बघावं लागतं. एअर प्रीहीटरच्या नळ्या गळत असतील तर त्याच्या पुढे मोजलेल्या वायूत बाहेरची हवा मिसळलेली असते. मीटर सहा टक्के दाखवतो आणि भट्टीत प्रत्यक्षात तीनही नसतात. मोजणी प्रीहीटरच्या आधी हवी.

एकूण हवा पुरेशी असूनही बेडच्या एका कोपऱ्याला ती कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळू शकते. बेडचे कप्पे असतात आणि साधारण एक-दोन चौरस मीटरमागे कोळशाची एक लाइन असते. एखादी लाइन ओल्या कोळशानं तुंबली की शेजारच्या लाइनवर जास्तीचा कोळसा जातो. तिथं प्राणवायू अपुरा, इथं वायफळ. कंट्रोल रूममध्ये सरासरी मात्र छान दिसते. नोझलची भोकं दोन-तीन मिलिमीटरची. राखेचे खडे आणि गंज त्यांत अडकतात. बंदच्या काळात एक साधी चाचणी करता येते. थंड बेडमध्ये वाळू भरून पंखा लावायचा, ती नीट ढवळू द्यायची आणि हवा एकदम बंद करायची. दारातून डोकावून पाहिलं की वाळूचा पृष्ठभाग सपाट आहे की उंचसखल, हे लगेच दिसतं. जिथं उंचवटे किंवा खळगे असतील तिथल्या नोझल तपासायच्या. याला खर्च काहीच नाही, तरी उत्पादनाच्या घाईत ही चाचणी वगळली जाते आणि पुढचे सहा महिने त्याची किंमत मोजावी लागते.

चंद्रपूरच्या हवामानाचाही यात मोठा हात आहे. इथला मे महिना ४६-४७ अंशांचा आणि डिसेंबरमधली पहाट १०-१२ अंशांची. पंखा हवा घनफळानं ढकलतो, वजनानं नाही. ४६ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी हलकी असते. डिसेंबरमध्ये ठरवलेली डॅम्परची जागा मेमध्ये तशीच ठेवली तर बेडला दहावा हिस्सा प्राणवायू कमी मिळतो आणि बेड ढवळतोही मंद. प्राणवायू पाहून हवा आपोआप सांभाळणारी यंत्रणा असेल तर प्रश्न नाही. लहान बॉयलरमध्ये हे काम ऑपरेटरच्या हातात असतं. तिथं दुपारच्या शिफ्टची राख पहाटेच्या शिफ्टपेक्षा काळी आली तर ऑपरेटरला बोल लावण्याआधी थर्मामीटर पाहावा. मग येतो पावसाळा. ओला चुरा चाळणीला चिकटतो, बंकरमध्ये अडून बसतो, लाइनमध्ये तुंबतो. प्रत्येक शिफ्टमध्ये कुणीतरी हातोडी घेऊन पाइप ठोकत फिरत असतो. मृगाच्या आधी दोन-तीन आठवड्यांचा कोळसा शेडखाली घेण्याइतकी जागा ज्यांनी केली, त्यांची निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

तापमानाचं गणित नाजूक आहे. बेड ८०० वरून ८८० अंशांवर नेला की कार्बन जळण्याचा वेग झपाट्यानं वाढतो, त्यामुळे तापमान ८५० ते ९०० च्या वरच्या बाजूला ठेवण्याचा मोह होतो आणि तो योग्यही आहे. पण थर्मोकपल सांगतो ते त्याच्या जागेचं तापमान. कोळसा जिथं बेडमध्ये शिरतो तिथं ते त्याहून बरंच जास्त असू शकतं. हवा कमी पडलेल्या कप्प्यात एखादा भाग तापून राख मऊ झाली की कण एकमेकांना चिकटतात, क्लिंकर धरतो आणि बॉयलर बंद करून घणानं फोडावा लागतो. म्हणून आधी हवा सगळीकडे सारखी करायची, मगच तापमान वाढवायचं. क्रम उलटा केला की फसगत होते. बेडची उंची वाढवूनही कणांना जास्त वेळ मिळतो, फक्त पंख्याला तेवढा जादा दाब द्यावा लागतो आणि बेडमधल्या नळ्यांची झीज वाढते.

उडालेली राख पकडून परत भट्टीत सोडणं हा पुस्तकातला आवडता उपाय. मोठ्या सर्क्युलेटिंग बेडमध्ये तो रचनेतच असतो. वायूंचा वेग सेकंदाला चार ते सहा मीटर, जवळजवळ सगळा माल वर उडतो, सायक्लोन त्याला पकडून परत खाली पाठवतो आणि तोच कण अनेक फेऱ्या मारून जळतो. तरीही सायक्लोनच्या हातून निसटणारे अगदी बारीक कण असतातच. साध्या बेडमध्ये पहिल्या हॉपरची राख हवेच्या झोतानं परत सोडता येते. पण ४० टक्के राखेच्या कोळशाबाबत थोडं थांबून विचार करायला हवा. परत पाठवलेल्या मालात १५ टक्के कार्बन असला तरी ८५ टक्के नुसती राखच असते. ती पुन्हा तापवायची, पुन्हा उडवायची, आणि ती जाताना नळ्या घासत जाणार. जाडसर राखेत कार्बन भरपूर आहे हे चाळून सिद्ध झालं असेल तर तेवढाच भाग परत पाठवावा. सरसकट सगळी राख परत पाठवणं इथल्या कोळशाला मानवत नाही.

एवढ्या खटाटोपानं किती मिळतं? सुरुवातीच्या हिशेबातला ४० टक्के राखेचा कोळसा दिवसाला १०० टन जाळणारा बॉयलर घ्या. राखेतला कार्बन १० टक्क्यांवरून ४ वर आणला तर १०० किलो कोळशामागे २.८ किलो कार्बन वाचतो, म्हणजे उष्णतेच्या हिशेबात सव्वासहा किलो कोळसा. दिवसाला सहा टनांहून जास्त आणि वर्षाला ३३० दिवस धरले तर दोन हजार टन. पंचवीस टनी टिप्परच्या ऐंशी खेपा. घुग्गुस किंवा पद्मापूरच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ऐंशी खेपा म्हणजे किती धूळ, हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय कार्बन विजेला चांगली वाट देतो, त्यामुळे कार्बनचे कण ईएसपीच्या पत्र्यावर नीट धरून राहत नाहीत, पुन्हा सुटून चिमणीकडे जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. अशा जिल्ह्यात राखेतला कार्बन कमी करणं ही केवळ कारखान्याच्या नफ्याची बाब राहत नाही.

राखेचं पुढे काय होतं, तेही कार्बनवरच ठरतं. आवारपूर, गडचांदूर, उप्परवाही, घुग्गुस या पट्ट्यातले सिमेंट कारखाने राखेचे मोठे गिऱ्हाईक. सिमेंटमध्ये घालायच्या राखेसाठीचं भारतीय मानक, आयएस ३८१२, एलओआय पाच टक्क्यांच्या आत मागतं. कार्बन जास्त असला तर काँक्रीटला पाणी जास्त लागतं, त्यात घातलेली रसायनं कार्बन शोषून घेतो आणि रंगही काळपट येतो. पाचच्या वर गेलेली राख मातीच्या विटांत चालते, उलट तिथं तो उरलेला कार्बन वीट आतून भाजायला मदत करतो. बाकीची ढिगात जाते आणि वाऱ्यावर उडते.

आता या दोन जिल्ह्यांतली दोन खास इंधनं. पहिलं स्पंज आयर्नमधलं. घुग्गुसला हा उद्योग जुना आहे आणि एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजावर चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला नवा कारखाना उभा राहिला. फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा एकत्र तापवून लोखंड काढलं की मागे चारकोलसारखा माल उरतो. त्याला डोलोचार म्हणतात. टनभर लोखंडामागे तो साधारण पाव टन निघतो. त्यात कार्बन असतो, पण ज्वलनशील वायू भट्टीतच निघून गेलेले असतात आणि राख निम्म्याहून जास्त. फ्लुइडाइज्ड बेडशिवाय तो कुठे धड जळत नाही, आणि बेडमध्येही एकट्यानं जाळणं अवघड. तो ताज्या कोळशात मिसळूनच द्यावा लागतो. मिश्रण एकसारखं हवं. एका कप्प्यात निव्वळ डोलोचार आणि दुसऱ्यात निव्वळ कोळसा गेला तर पहिला विझत जातो आणि दुसऱ्यात क्लिंकर होतो. डोलोचारचा चुरा तर बेडमध्ये टाकूच नये. तो सावकाश जळतो, तीन सेकंदांत त्याचं काहीच होत नाही, आणि टाकला तसा उडून राखेत जातो. तो आधीच चाळून वेगळा काढलेला बरा.

दुसरं इंधन धानाचं. वैनगंगेच्या दोन्ही काठांचा झाडीपट्टीचा मुलूख धानाचा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून जोपासलेलं एचएमटी वाण इथूनच देशभर पसरलं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज या गावांत राईस मिल आहेत, आणि तुसावर वीज करण्याचा प्रकल्पही देसाईगंजला उभा राहिला. धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस असतं. उष्मांक ३००० च्या पुढे, म्हणजे इथल्या हलक्या कोळशाच्या जवळपास. राख १५ ते २० टक्के आणि त्या राखेत दहात नऊ भाग सिलिका. तुसाच्या कणात ही सिलिका जाळीसारखी विणलेली असते. वायू जळून गेले तरी जाळी कोसळत नाही आणि तिच्या आत अडकलेल्या कार्बनपर्यंत प्राणवायू पोचायला वेळ लागतो. म्हणून तुसाची राख बाहेरून करडी दिसली तरी चिमटीत चुरडली की आतून काळी निघते. नुसत्या रंगावर विसंबू नये ते यामुळे.

तूस इतकं हलकं की त्याचं बरंचसं जळणं बेडच्या वरच्या मोकळ्या भागात होतं. तिथं वरून जादा हवा नीट मारली आणि ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचली, तर राखेतला कार्बन बराच उतरतो. तणस मात्र त्यात बेतानं मिसळावं. त्यातलं पोटॅशियम वाळूच्या कणांवर काचेसारखा थर धरतं, कण चिकटतात आणि बेडचं ढवळणंच बंद पडतं. तापमान चढवून कार्बन संपवायचा म्हटलं तर इथं आणखी एक अडसर आहे. साधारण ७०० अंशांच्या आत जळालेल्या तुसातली सिलिका काचेसारखी, सिमेंटशी उत्तम जुळणारी असते. त्याच्या बरंच वर दीर्घकाळ ठेवली की ती स्फटिकरूप घेते, तिचा सिमेंटमधला उपयोग घटतो आणि ती धूळ कामगारांच्या फुप्फुसाला घातक ठरते. ज्या गिरणीला मुख्यतः वाफ किंवा वीज हवी तिनं बेड ८०० च्या आसपास ठेवावा, वरची हवा नीट करावी, राख बंद ट्रकमधून न्यावी आणि पोलाद कारखान्यांना विकावी. तिथं वितळलेल्या पोलादावर झाकण म्हणून तुसाची राख वापरतात आणि त्या कामाला थोडा कार्बन चालतो. सिमेंटजोगी पांढरी राख हवी असेल तर सावकाश जळणारी वेगळी, थंड भट्टीच लागते. या दोन्ही गोष्टी एकाच बॉयलरमधून निघत नाहीत, त्यामुळे कोणती हवी हे गिरणीमालकानं बॉयलरची ऑर्डर देण्याआधीच ठरवायला हवं.